गुलाबी सूट: बेत पॅरिसचा, टाके न्यूयॉर्कचे

कटिंग-शिलाईच्या वर्गात मी दरवर्षी एक फोटो दाखवते. २२ नोव्हेंबर १९६३, टेक्सास राज्यातल्या डॅलसचा लव्ह फील्ड विमानतळ. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची बायको जॅकलिन नुकतीच विमानातून उतरली आहे. अंगात गडद निळ्या कॉलरचा गुलाबी सूट, डोक्यावर त्याच गुलाबी रंगाची पिलबॉक्स हॅट (गोल, सपाट, डबीसारखी टोपी), पांढरे हातमोजे, हातात लाल गुलाबांचा गुच्छ. पुढे तासाभरात काय झालं ते बऱ्याच जणींना ठाऊक असतं. तरी पहिला प्रश्न दरवर्षी तोच येतो: “मॅडम, हा खरा शनेल आहे का?”

शनेल म्हणजे पॅरिसमधलं कोको शनेल या बाईचं फॅशनघर. प्रश्न सरळ आहे, उत्तर वाकडं आहे. ‘हो’ म्हटलं तर ज्या बायकांनी न्यूयॉर्कमध्ये बसून तो शिवला, त्यांचे हातच पुसले जातात. ‘नाही’ म्हटलं तर पॅरिसहून आलेलं कापड, बटणं आणि मूळ नमुना यांचं काय करायचं? म्हणून हा एकच सूट मी दोन दोन तास पुरवते.

आधी कपडा बघू. बाकीचं मागाहून.

नमुना शनेलच्या १९६१च्या शरद-हिवाळी कलेक्शनमधला. जाकीट डबल ब्रेस्टेड, सोनेरी बटणांचं. खाली सरळ स्कर्ट, आत गडद निळा ब्लाऊज. कापड लोकरीचं बुक्ले. बुक्लेच्या सुतालाच बारीक वेटोळी असतात. हात फिरवला की दाणे लागतात, आणि दिसायला ते टर्किश टॉवेलच्या श्रीमंत नातेवाइकासारखं दिसतं. वीण सैल असते. कात्री लागली रे लागली की कडेचे धागे सुटायला लागतात. नवशिक्या मुलीच्या हातात हे कापड दिलं तर बेतून होईपर्यंत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच झडलेला असतो.

शनेलच्या कामघरानं यावर काढलेला तोडगा मला आजही हुशारीचा वाटतो. आपण कोटाचं अस्तर वेगळं शिवतो आणि आत मोकळं सोडतो. तिथं रेशमी अस्तर आणि वरचं कापड एकत्र धरून त्यांवर उभ्या टिपा मारतात. टिपा वेटोळ्यांत बुडून जातात, बाहेरून दिसत नाहीत. सैल कापड अस्तराच्या आधारानं सावरतं आणि छातीत कॅनव्हास कोंबावा लागत नाही. परिणामी जाकिटाला घाट येतो, पण अंगावर ते स्वेटरसारखं बसतं. आतून, खालच्या दुमडीपाशी, एक धातूची बारीक साखळी हातानं टाचलेली असते. तिच्या वजनानं जाकीट सरळ पडतं, बसून उठल्यावर पुन्हा जागेवर येतं. शोभेचं बटण शनेलला खपत नसे. बटण आहे तर काज हवं, खिसा आहे तर त्यात हात गेला पाहिजे.

आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेभोवतीची गोलाई. इथं मी हमखास थांबते, कारण आपल्या गिऱ्हाइकाचा हट्ट नेमका उलटा असतो: “हात हलायला हवा, मुंढा जरा मोठाच ठेवा.” मोठ्या मुंढ्याचं जाकीट घालून फळ्यावर उंच काही लिहायला सांगावं. हाताबरोबर सगळं जाकीट वर चढतं, पोटापाशी वीतभर ब्लाऊज दिसतो. मुंढा लहान आणि काखेला लगटून असला की बाहीच तेवढी हलते, जाकीट जागचं हलत नाही. शनेल कागदावर चित्रं काढत बसत नसे. ती जिवंत मॉडेलच्या अंगावरच कापड टाचायची आणि तयार झालेली बाही पसंत पडली नाही की तिथंच उसवायची. त्यासाठी कात्री रिबिनीला बांधून गळ्यात अडकवलेली असे. १९३९मध्ये तिनं आपलं कुत्यूरचं, म्हणजे मापावर उंची कपडे बेतण्याचं काम बंद केलं होतं, ते ५ फेब्रुवारी १९५४ला पुन्हा सुरू केलं तेव्हा ती सत्तर वर्षांची होती. युद्धाच्या काळात एका जर्मन अधिकाऱ्याशी असलेल्या संबंधांमुळे तिच्याबद्दल पॅरिसात आधीच नाराजी होती. तिथल्या पत्रकारांनी त्या कलेक्शनला नाकं मुरडली. उचलून धरलं ते अमेरिकन खरेदीदारांनी. हे लक्षात ठेवायचं, कारण आपल्या गोष्टीतला पैसा तिकडून येतो.

आता तो भारदस्त शब्द. ‘ओत कुत्यूर’ म्हणजे महागडे कपडे असं सर्रास समजलं जातं. फ्रान्समध्ये १९४५पासून हा शब्द कायद्यानं राखलेला आहे. पॅरिसमध्ये स्वतःचं कामघर, गिऱ्हाइकाच्या मापावर बेतणं, अंगावर घालून फिटिंग, ठरलेल्या संख्येनं कलेक्शन अशा अटी पुऱ्या करणाऱ्या आणि अधिकृत यादीत असलेल्या घरांनाच तो वापरता येतो. या व्याख्येच्या काटेकोर अर्थानं आपला गुलाबी सूट ओत कुत्यूर ठरत नाही, कारण तो पॅरिसमध्ये शिवलाच नाही. तो शिवला न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यूवरच्या ‘शे निनॉन’ या दुकानात. नोना पार्क आणि सोफी शॉनर्ड या दोघींचं ते दुकान. गिऱ्हाईक गावातलं बडं. काम मापावर, फिटिंग घेऊन, पुष्कळसं हातानं.

मग ही नक्कल का? इथं त्या काळचा धंदा समजून घ्यावा लागतो. अमेरिकन दुकानदार पॅरिसच्या शोला जात, तिथं बसण्यासाठी अनामत भरत आणि आवडलेला नमुना नक्कल करण्याच्या हक्कासकट विकत घेत. याला ‘लाइन-फॉर-लाइन’ म्हणत, रेघेला रेघ. यातही उच्च-नीच दर्जे होते. काही मोठी दुकानं त्याच नमुन्यावरून कारखान्यात स्वस्तातले ढिगानं कपडे काढत. शे निनॉनसारखी दुकानं एका बाईसाठी एकच कपडा शिवत. या सूटसाठी कापड, बटणं आणि किनारीचं सामान शनेलकडूनच आलं, नमुनाही तिथलाच. चोरी कुठंच नव्हती. शनेलला तर नक्कल होणं हा आपल्या कामाचा गौरवच वाटायचा. तिच्या बरोबरीचे बाकी डिझायनर नकलेच्या नावानं कडाकडा बोटं मोडत असताना हिचा सूर वेगळा होता. दुकानानं या सूटचे घेतले ८०० ते १००० डॉलर. १९६१ सालचे डॉलर आहेत हे, तेव्हा स्वस्त हा शब्द तोंडातून काढू नये.

पण ज्या बाईला पॅरिसला जाऊन शनेलच्या दारात उभं राहणं सहज शक्य होतं, तिनं ही वळणाची वाट का धरली? त्याचं उत्तर राजकारणात आहे, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात रसाळ भाग हाच वाटतो.

जॅकलिनला फ्रेंच कपड्यांचं वेड जुनं. १९६०च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते अंगाशी आलं. कापडधंद्याच्या एका न्यूयॉर्की वृत्तपत्रानं छापलं की ती आणि तिची सासू मिळून पॅरिसच्या कपड्यांवर वर्षाला ३०,००० डॉलर उडवतात. तिनं तिखट उत्तर दिलं, एवढा खर्च करायचा तर मला आतले कपडेही सेबलच्या फरचे घालावे लागतील! वाक्य गाजलं, पण गोष्ट मिटली नाही. न्यूयॉर्क म्हणजे अमेरिकेच्या शिवणकामाचं माहेर. तिथल्या शिवणकामगार स्त्रियांची बलाढ्य युनियन केनेडींच्या बाजूनं उभी होती. नवरा त्यांची मतं मागणार आणि बायको परदेशी शिवलेले कपडे मिरवणार, हे चालण्यासारखं नव्हतं. केनेडी निवडून आल्यावर ओलेग कॅसिनी या अमेरिकेत काम करणाऱ्या डिझायनरला तिचा अधिकृत डिझायनर नेमण्यात आलं. कपड्यांवरून नवऱ्याच्या कारकिर्दीत बोभाटा नको, मला साठच्या दशकातली मेरी आंत्वानेत (उधळपट्टीसाठी बदनाम झालेली फ्रान्सची राणी) व्हायचं नाही, असं तिनं कॅसिनीला पत्रात बजावलं होतं. बिलं सासरे जोसेफ केनेडी भरत.

कॅसिनी ही दाखवायची बाजू. मन अजून पॅरिसमध्येच होतं, आणि शे निनॉननं ती फट बुजवली: डोकं फ्रेंच, हात अमेरिकन. कुणी विचारलंच तर ‘न्यूयॉर्कमध्ये शिवलाय’ हे उत्तर खरंच होतं. आपल्याकडे सुनेनं सासूला सांगावं ना, “अहो, घरीच केलंय,” आणि मसाला तेवढा माहेरचा असावा, तसं. काही जणी याला लबाडी म्हणतात. मी म्हणत नाही. सूट शिवणाऱ्या हातांना काम मिळालं, नमुन्याच्या मालकिणीला पैसे मिळाले, घालणारीला हवा तो कपडा मिळाला. लपवलं कुणी काय?

हा सूट एकदा घालून कपाटात टाकलेला नव्हता, हे मुलींना फार नवल वाटतं. त्या नोव्हेंबरच्या आधी तिनं तो निदान सहा वेळा तरी घातला होता. १९६१च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियात चर्चला जाताना. १९६२च्या मार्चमध्ये भारत-पाकिस्तान दौरा आटोपून लंडनला उतरल्यावर. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जयपूरचे महाराज सवाई मानसिंह आणि महाराणी गायत्रीदेवी वॉशिंग्टनला आले तेव्हा.

इथं मला थोडं घरच्या बाजूला वळू द्या. गायत्रीदेवींची आई इंदिराराजे म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक. सयाजीराव जन्मानं नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न मोडून या बाईनं १९१३मध्ये कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. पुढे फ्रान्सहून मुद्दाम साडीच्या पन्ह्याचं शिफॉन मागवून त्या साड्यांची फॅशन तिनं हिंदुस्थानात रुजवली असं मानतात. गायत्रीदेवींचं ते साधं, नक्षीचा भार नसलेलं नेसणं आईकडून आलेलं. म्हणजे त्या भेटीत दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या तेव्हा दोघींच्याही कपड्यांच्या आवडीमागे पॅरिस होतं, आणि दोघींनीही ते आपापल्या देशात वेगळ्या वाटेनं आणलं होतं. एकीनं पार्क अव्हेन्यूवरच्या शिवणकारणींमार्फत, दुसरीनं सहावारी पदरातून. सूटची चर्चा करणाऱ्या फारशा कुणी या भेटीपाशी थांबत नाहीत. मला मात्र तो सूट तिथं सगळ्यात सुखात दिसतो.

आता टेक्सास. दौरा राजकीय होता, १९६४च्या निवडणुकीची मशागत. तिथं सगळ्या श्रीमंत रिपब्लिकन बायका मिंकच्या फरचे कोट आणि हिऱ्यांच्या बांगड्या घालून येतील, तू साधी राहा, चांगली आवड कशाला म्हणतात ते त्यांना दिसू दे, असं केनेडींनी बायकोला आधीच सांगितलं होतं. कपडे दोघांनी मिळून बघितले. त्यात हा सूट निवडला गेला. २२ तारखेला सकाळी फोर्ट वर्थला हॉटेलबाहेर पावसात लोक जमले होते. बायको कुठंय म्हणून ओरडा झाला, तेव्हा केनेडी म्हणाले, ती आवरतेय, तिला वेळ लागतो, पण ती आमच्यापेक्षा चांगलीही दिसते. नंतर न्याहारीच्या सभेत ती उशिरा आत आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी आणि लिंडन (उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन) काय घालतो याची कुणाला पडलेली नसते, अशी मिस्किल तक्रार त्यांनी तिथं केली.

पाऊस थांबला. डॅलसला लख्ख ऊन पडलं आणि लोकर अंगाला चटके देऊ लागली. तिनं उन्हाचा चष्मा लावला, तर लोकांना चेहरा दिसायला हवा म्हणून नवऱ्यानं तो काढायला लावला. चौकशी आयोगापुढे तिनं दिलेल्या साक्षीत एक साधी गोष्ट आहे, ती मी शिंप्याच्या कानानं ऐकते. समोर बोगदा दिसत होता, आणि त्याच्याखाली किती गार वाटेल असं माझ्या मनात आलं, असं ती म्हणते. हिवाळी कलेक्शनमधलं अस्तर टाचलेलं बुक्ले, उघडी गाडी, दुपारचे साडेबारा. तिचं अंग त्या क्षणी सावली शोधत होतं. बोगद्यापर्यंत पोचायच्या आत केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्यापुढचा तपशील मी वर्गात थोडक्यात सांगते, इथंही तसंच करते. पार्कलंड हॉस्पिटलच्या दारात ती नवऱ्याचं डोकं मांडीत धरून बसली होती, सोडायला तयार नव्हती. तिचा अंगरक्षक क्लिंट हिल यानं स्वतःचा कोट काढून केनेडींच्या डोक्यावर घातला, तेव्हा तिनं हात सैल केले. दुपारी एकला मृत्यू जाहीर झाला. २ वाजून ३८ मिनिटांनी विमानातच लिंडन जॉन्सन यांनी शपथ घेतली. त्या शपथविधीचा जगप्रसिद्ध फोटो कृष्णधवल आहे आणि बेतानं घेतलेला आहे. स्कर्ट त्यात येत नाही. जॉन्सनबाईंनी तिला विचारलं होतं, कपडे बदलायला कुणाला पाठवू का? तिनं नको म्हटलं. “त्यांनी जॅकचं काय केलंय ते त्यांना बघू दे,” असं ती म्हणाल्याचं जॉन्सनबाईंनी नोंदवून ठेवलं आहे. जॅक म्हणजे तिचा नवराच. चेहरा मात्र तिनं पुसला होता आणि त्याची तिला नंतर चुटपुट लागून राहिली.

आयुष्यभर कपड्यांबाबत इतकी काटेकोर असलेली बाई. हातमोज्याला डाग पडला तर तिनं बदलला असता. त्या दिवशी मात्र तिनं डाग जाणूनबुजून अंगावर ठेवला, संध्याकाळी वॉशिंग्टनच्या विमानतळावर टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्याच स्कर्टमध्ये उतरली, रात्रभर नौदलाच्या हॉस्पिटलमध्ये त्याच कपड्यांत बसली. पहाटे चारनंतर व्हाइट हाउसला पोचल्यावर सूट अंगावरून उतरला. लोकांसमोर काय घालून जायचं याचा एवढा विचार केलेला दुसरा निर्णय तिच्या आयुष्यात मला सापडत नाही, आणि तो घेताना मदतीला ना कॅसिनी होता, ना शनेल.

तिच्या सेविकेनं कपडे बाजूला काढून ठेवले. ते कुणी धुतले नाहीत, झटकलेसुद्धा नाहीत. १९६४मध्ये एक खोका अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोचला. आत सूट, ब्लाऊज, पर्स, बूट आणि पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेले स्टॉकिंग. सोबत जॅकलिनच्या आईच्या लेटरहेडवर बिनसहीची चिठ्ठी: २२ नोव्हेंबर १९६३ला घातलेला जॅकीचा सूट आणि पर्स, एवढाच मजकूर.

जुना भारी कपडा हातात आला की आपलं पहिलं काम काय? डाग काढणं. व्हिंटेज सूटची किंमत लेबल, बटणं, अस्तराची अवस्था आणि डाग यांवर ठरते. काखेतल्या घामाच्या एका पिवळट वर्तुळानं भाव निम्म्यावर येतो. इथं तो हिशेब उलटा फिरतो. हा सूट ड्रायक्लीन केला असता तर राहिला असता एक सुबक, जुना, लाइन-फॉर-लाइन सूट. डाग हाच आता त्याचा दस्तऐवज आहे, आणि तो जपणं हे कपडा जपण्यापेक्षा अवघड. वाळलेलं रक्त लोकरीचे तंतू कडक करतं. हवा दमट झाली की लोकर फुगते, कोरडी झाली की आक्रसते, आणि कडक झालेला तंतू त्या ओढाताणीत तुटतो. उजेडानं गुलाबी रंग उडतो. कसर तर लोकरीवर टपलेलीच असते. म्हणून मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या अभिलेखागारात, बिनखिडकीच्या खोलीत, आम्लरहित पेटीत तो ठेवला आहे. तापमान १८ ते २० सेल्सिअस, आर्द्रता ४० टक्के, खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलते. अंगावर चढवलेल्या कपड्यापेक्षा झोपवून ठेवलेल्या कपड्यावर शिवणीचा ताण कमी येतो, हे आमच्या धंद्यातलं साधं ज्ञान तिथंही उपयोगी पडत असणार.

तो बघायला मात्र मिळत नाही. २००३मध्ये मुलगी कॅरोलाइन केनेडी हिनं रीतसर दानपत्र करून सूट देशाला दिला आणि अट घातली: शंभर वर्षं प्रदर्शनात मांडायचा नाही. २१०३मध्ये पुन्हा विचार होईल, आणि तेव्हाही कुटुंबाच्या वारसांशी बोलून. मला ही अट पटते. लोकांना बघू दे असं जिनं म्हटलं होतं, तिनं ते एका दिवसापुरतं म्हटलं होतं. काचेच्या कपाटात कायमचं टांगून घेण्याची परवानगी तिनं दिली नव्हती.

यंदा एवढं सगळं ऐकून झाल्यावर शेवटच्या बाकावरच्या एकीनं वहीच्या कडेला वजाबाकी मांडली. तिचा जन्म २००६चा. “मॅडम, म्हणजे मी सत्त्याण्णव वर्षांची असेन.” मग जरा वेळानं तिनं विचारलं, “आणि ती हॅट?”

हॅट त्या खोक्यात नव्हती. सिक्रेट सर्व्हिसकडून, म्हणजे अध्यक्षांच्या सुरक्षा यंत्रणेकडून ती जॅकलिनच्या खासगी सेक्रेटरीकडे गेली, इथवर माग लागतो. त्यानंतर ती कुणाला दिसलेली नाही. पांढरे हातमोजेही नाहीत.